चौथ्या मजल्याचा गीझर

आमच्या इमारतीच्या वायरमनकाकांना सगळे पाठीमागं ‘थांबेल का’ म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं असं विचाराल, तर मीच ठेवलं. माणसांना नावं ठेवायची मला जुनी खोड आहे. आई म्हणायची, सगळ्यांच्याच जिभेला हाड नसतं, हिच्या जिभेला लगामही नाही. मी फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, आणि बरीच वर्षं मला त्याचा थोडा गर्वच होता. जे पोटात तेच ओठात, असं मी चारचौघांत सांगत फिरायचे.

काका साठीला टेकलेले, बुटके, चालताना एका अंगाला झुकणारे. उन्हाळा असो की थंडी, अंगात तोच राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर आणि खिशात टेस्टर. तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून एक खोली आहे, तिथं ते आणि काकू राहतात. त्याआधी तीस वर्षं ते कोळशावर वीज करणाऱ्या कारखान्यात, काटे आणि दिवे बघत बसायच्या खोलीत कामाला होते. कारखाना बंद झाला, आणि ते आमच्याकडे पंप चालवायला आणि बल्ब बदलायला आले.

ते सांगायचे, तिथं काम सोपं होतं. लोकांनी बटणं दाबली की कोळसा वाढवायचा, लोक झोपले की कमी करायचा. लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आता वीज उन्हातून आणि वाऱ्यातून येते, आणि ऊन काही कुणाच्या बापाचा नोकर नाही. दुपारी वीज नको तितकी, आणि संध्याकाळी सगळे घरी येऊन एकदम सगळं चालू करतात, तेव्हा ऊन गेलेलं. ती तूट भरायला पुन्हा कोळसा पेटवायचा, नाहीतर लोकांनी थोडं मागंपुढं सरकायचं. इतकं साधं गणित आहे, असं ते म्हणायचे. ते सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला उगाचच राग यायचा.

वीज कंपनीची योजना इमारतीनं घेतली ती त्यांच्याच भरवशावर. अठ्ठावीस घरांच्या गीझरची लाइन वेगळी काढून खाली पॅनेलला आणली. पाण्याचा पंप आणि पार्किंगमधल्या गाड्यांची चार्जिंगही तिथंच. गीझर दुपारीच तापवून ठेवायचे, गाड्या दुपारी नाहीतर पहाटे चार्ज करायच्या. आणि ज्या दिवशी वारा पडणार किंवा ढग येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी कंपनीचा निरोप यायचा: उद्या साडेसहा ते आठ लोड कमी ठेवा. महिन्यातून तीन-चार वेळा, थंडीत जरा जास्त. काकांनी साडेसहाला अठ्ठावीस बटणं खाली करायची आणि आठला एकेक करत वर. बदल्यात बिलात सूट.

काम खरं तर बटणाचं. ग्रुपवर निरोप टाकला की झालं, असं कमिटीनं त्यांना सांगितलंही होतं. पण काका म्हणाले, ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, वाचत कुणी नाही. म्हणून निरोप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन सातव्या मजल्यापासून खाली उतरत यायचे. प्रत्येक दाराची बेल वाजवायची आणि विचारायचं, ‘आज संध्याकाळी दीड तास गीझर थांबेल का?’ दुसऱ्या मजल्यावर बाळंतीण होती, तिनं नाही म्हटलं की तिच्या बटणावर लाल पट्टी. सहाव्यावरच्या आजोबांना संध्याकाळी गुडघे शेकायला गरम पाणी लागायचं, त्यांनाही लाल पट्टी. कुणी कुरकुर केली तर काका हुज्जत घालायचे नाहीत. वहीत ‘नाही’ लिहून पुढच्या दाराला. आता सांगा, अशा माणसाला दुसरं काय नाव ठेवणार?

माझं आणि त्यांचं वाजलं ते दोन महिन्यांपूर्वी. बहीण, तिचा नवरा, दोन मुलं, अशी फौज आमच्याकडे उतरली होती. दुपारी तापलेलं पाणी त्यांनी पाचपर्यंत उडवलं आणि साडेसातला मी नळ सोडला तर बर्फ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच ओला टॉवेल खांद्यावर टाकून खाली गेले आणि लिफ्टसमोर, येणाऱ्याजाणाऱ्या लोकांसमोर, काकांना धारेवर धरलं. कंपनीचा चमचा म्हटलं. तीस वर्षं कोळशाची भाकरी खाल्ली आणि आता आम्हाला उपदेश करता, म्हटलं. काकू हातात ताट घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. काका एवढंच म्हणाले की सकाळी विचारलं होतं, तुमच्या यजमानांनी हो म्हटलं. ते खरं होतं, म्हणून तर मी आणखी भडकले. वर आले, ग्रुप सोडला, त्यांचा नंबर पुसून टाकला. नवरा म्हणाला, माफी माग. मी म्हटलं, मरेन पण मागणार नाही.

समोरच्या मास्तरीणबाईंशीही तेव्हा माझं वाकडंच होतं. चपलांचा स्टँड कुणाच्या हद्दीत येतो यावरून आमची जुंपली होती. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, ती मी तावातावानं परत आणली होती. नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, आता या इमारतीत तुझं बोलणं फक्त लिफ्टशी उरलंय.

आमच्या घरात मी, नवरा आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते टपाल वाटायचे, जन्मभर लोकांचे जिने चढले, आणि शेवटी फुप्फुसांनीच दगा दिला. वर्षभरापासून ते ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. गुडघ्याएवढी पेटी, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीनं नाकाला देते. दिवसरात्र तिची घरघर चालू असते. पहिले आठ दिवस मला झोप आली नाही, मग इतकी सवय झाली की घरघर ऐकूच येईनाशी झाली. नळी काढली की बाबांना पलंगावरून दारापर्यंतची बारा पावलंही झेपत नाहीत. एक जड सिलिंडर अडचणीला म्हणून ठेवलाय, पण त्याचा पाना त्यांच्या हातानं फिरत नाही.

त्या दिवशी, म्हणजे थंडीतल्या एका बुधवारी, सकाळी त्यांच्या खोलीतल्या प्लगमधून जळका वास आला. मशीनची पिन काढली तर काळी पडलेली. नवरा कामासाठी तीन दिवस परगावी. शहाण्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? खाली जाऊन वायरमनला हाक मारली असती. पण खाली कोण होतं? काका. मी हाक मारणार? नाव नको.

मी एक्स्टेन्शनची लांब वायर शोधली आणि बाथरूमच्या बाहेर गीझरचा जो मोठा प्लग आहे, त्यात लावली. गीझरची पिन काढून ठेवली. आमच्या घरात पूर्वीपासून एक समज आहे की मोठं मशीन मोठ्या प्लगला. इस्त्री तिथं, घरगुती चक्की तिथं, कपडे सुकवायचं यंत्रही तिथंच. तसंच हेही लावलं. दाराखालून वायर बाबांच्या खोलीत नेली, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. बघा, कुणावाचून काही अडत नाही, असं मी बाबांना म्हटलं. ते हसले. त्यांचं जेवण झाकून ठेवलं, दार ओढून घेतलं आणि कामावर गेले. गीझरची लाइन खाली पॅनेलला जाते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी ते डोक्यातच आलं नाही.

मी कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. संध्याकाळी गर्दी असते, लोक शेवटच्या मिनिटाला पार्सलं आणतात आणि वर घाई करतात. सहा पंचवीसला शेजारच्या काउंटरवरची मुलगी फोनवर तिच्या आईला सांगत होती, ‘अंघोळ आत्ता उरक, साडेसहाला गीझर जाईल. आज लोड आहे.’ ती आमच्याच भागात, दोन गल्ल्या पलीकडे राहते. मी एका माणसाच्या पार्सलवर शिक्का मारत होते. शिक्का मारला, पार्सल सरकवलं, पुढच्या तिघांचीही उरकली. आणि मग शिक्का खाली ठेवला. मी तिला विचारलं, आज लोड आहे? ती म्हणाली, काल रात्रीच मेसेज आलाय, तुमच्या ग्रुपवर नाही आला?

घड्याळात सहा एकतीस झाले होते.

मी बाबांना फोन लावला. पाचव्या रिंगला त्यांनी उचलला. मी विचारलं, बाबा, मशीन चालू आहे ना? ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘हो. ठीक आहे. तू ये सावकाश.’ शब्दाशब्दाला थांबत. मी हुश्श केलं. फोन कानावरून खाली घेणार तोच माझ्या लक्षात आलं की त्यांच्या आवाजामागं काहीच नव्हतं. वर्षभर त्या घरातून आलेल्या प्रत्येक फोनमागं ती घरघर असायची. आज शांत. मी ओरडले, बाबा. फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला.

काउंटरपुढं सात-आठ माणसं उभी होती, मी खिडकीच खाली ओढली. कुणीतरी काहीतरी बोललं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी उलटून बोलले नाही. पर्स घेतली आणि रस्त्यावर धावले. रिक्षात बसता बसता नवऱ्याला फोन लावला. काकांचा नंबर दे, एवढंच म्हटलं. तो विचारायला लागला, काय झालं, परत भांडलीस का? मी म्हटलं, नंबर दे. आणि माझा आवाज ऐकून तो नंबर शोधायला लागला. नंबर येईपर्यंत दोन सिग्नल गेले. ते दोन सिग्नल मी कसे काढले ते माझं मला माहीत.

काकांनी पहिल्याच रिंगला उचललं. मी नाव सांगितलं नाही, फक्त म्हटलं, चारशे दोनच्या गीझरवर बाबांचं मशीन आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार आपटल्याचा आला, आणि मग खटका. ‘चालू केलं,’ काका म्हणाले. ‘सहा बेचाळीस.’ त्यांचा श्वास लागला होता. बारा मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, नुसती वीज येऊन चालत नाही. ते मशीन एकदा बंद पडलं की पुन्हा बटण दाबावं लागतं. बाबांना वीज आली हे कळणार कसं? खोलीतले दिवे तर गेलेच नव्हते. काकांनी विचारलं, किल्ली कुणाकडे आहे. मी म्हटलं, माझ्याकडे. समोर नाही? मी म्हटलं, परत आणलीय. मी वर जातो, म्हणाले, आणि मला त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. लिफ्टची वाट बघायला ते थांबले नव्हते. साठीचा माणूस जिने चढत होता आणि मी रिक्षात बसून ते जिने मोजत होते.

रिक्षा पुलाच्या अलीकडे तुंबली. पुढं दिवेच दिवे. मी रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, घरी माणूस अडकलाय. तो बिचारा म्हणाला, ताई, उडता आलं असतं तर उडालो असतो.

काकांनी आमचं दार वाजवलं. मी फोनवर ऐकत होते. बाहेरून लोखंडी सरकतं दार, आतून लाकडी. हाक मारली, पुन्हा मारली. बाबांना थोडं कमीच ऐकू येतं, आणि थंडीची खिडक्या-दारं बंद. मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मास्तरीणबाईंचा. काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. बाई म्हणाल्या, माझ्या गॅलरीतून त्यांची खोली दिसते. काकांनी फोन त्यांच्याच हातात दिला असावा, कारण पुढचं सगळं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. चपलांच्या स्टँडनंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

‘दिसतायत,’ बाई म्हणाल्या. ‘पलंगावर बसलेत. उशीला टेकून. पाठ आहे माझ्याकडे.’

हलतायत का, मी विचारलं. ‘खांदे हलतायत. जोरात हलतायत.’

काचेवर टकटक करा, मी म्हटलं. मधे तीन-चार हात अंतर आणि दोन्हीकडे जाळ्या. बाईंनी झाडूचा दांडा पुढं करून बघितला, पोचला नाही. काका त्यांच्या गॅलरीतून ओरडले, त्या ओरडल्या, खालच्या मजल्यावरच्या लोकांनी माना वर केल्या. बाबांनी मान वळवली नाही. मशीन पलंगाच्या डाव्या बाजूला होतं, हाताच्या अंतरावर. वीज पोचलेली होती. फक्त एक बोट त्या बटणापर्यंत जायला हवं होतं. पण बाबांच्या दृष्टीनं मशीन मेलेलं होतं, आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

मग बाई म्हणाल्या, काका खाली पळाले. कशाला, मी विचारलं. त्यांनाही कळलं नव्हतं. मला वाटलं, पोलिसांना किंवा दार फोडणाऱ्याला आणायला गेले. मी डोळे मिटले आणि जे कधी म्हणत नाही ते सगळं मनात म्हणायला लागले. जीव मुठीत धरून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

काकांची एक कामाची पद्धत आहे. कुठलीही दुरुस्ती झाली की ते वर येऊन सांगत बसत नाहीत. खालूनच त्या घराचे दिवे दोनदा घालवतात आणि आणतात. म्हणजे काम झालं, लाइन आली, आता वापरा. आम्ही धावपळीतली माणसं, आमचं लक्ष नसतं. पण दिवसभर एका खोलीत बसणाऱ्या माणसाचं असतं. बाबा मला कधी कधी सांगायचे, काकांनी आज आपल्या लाइनचं काहीतरी केलं, खोलीतला दिवा दोनदा मिचकावला. मी म्हणायचे, तुम्हाला काय उद्योग नाही.

‘दिवा गेला,’ बाई म्हणाल्या. ‘आला. पुन्हा गेला.’ आणि मग खूप वेळ काही नाही. खूप वेळ म्हणजे पाच-सहा सेकंद असतील. मी फोन इतका दाबला की कानाची पाळी दुखायला लागली. ‘आला. वर बघतायत. दिव्याकडे बघतायत.’

बोला, मी म्हटलं. बोलत राहा.

‘मान खाली घातली.’ पुन्हा दिवा गेला, पुन्हा आला, काका खाली थांबतच नव्हते. ‘आता डावीकडे बघतायत. हात उचलला. अगं, पडला हात. पुन्हा उचलला.’ बाई रडत होत्या हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. ‘दाबलं. त्यांनी दाबलं. हिरवा दिवा लागला.’

मी रिक्षावाल्याच्या सीटच्या पाठीला डोकं टेकवलं. पुलावरून रिक्षा हलायला लागली होती.

घरी पोचले तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. काका आणि बाई दोघंही आमच्या दारात उभे. किल्ली कुलपात जाईना, बाईंनी माझा हात धरून ती बसवली. आत बाबा उशीला टेकून, डोळे मिटून. ओठ जांभळे, कपाळावर घाम, थंडीत. बोटाला लावायचं छोटं यंत्र मी त्यांच्या बोटाला लावलं. सत्त्याहत्तर. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नळी नीट बसवा, मशीन थोडं वाढवा, दहा मिनिटांत नव्वदच्या जवळ आलं नाही तर गाडी बोलवा. मी पलंगाजवळ खाली बसले आणि त्या आकड्याकडे बघत राहिले. एक्क्याऐंशी. ऐंशी. चौऱ्याऐंशी. बाई बाबांचे तळपाय चोळत होत्या. सत्त्याऐंशी. पुन्हा पंच्याऐंशी. मग हळूहळू एकोणनव्वद, नव्वद, आणि तो तिथं टिकला. बाबांनी डोळे उघडले आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जणू आम्ही न सांगता आलेले पाहुणे आहोत.

काका भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. चार जिने दोनदा चढून एकदा उतरले होते. स्वेटर पाठीला चिकटला होता. हात मांडीवर ठेवले होते. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, काका, चूक माझी आहे. हे वाक्य मी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मला वाटलं, ते आता बोलतील. ऐकून घ्यायची माझी तयारी होती. दोन महिन्यांचं सगळं त्यांनी काढलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी मान हलवली. खिशातून वही काढली, उघडली नाही, नुसती हातात धरली.

‘ताई, सकाळी आठला मी आलो होतो,’ ते म्हणाले. ‘तुमच्या दारापर्यंत आलो होतो. बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. म्हटलं, सकाळी सकाळी कशाला बोलणी खायची. आणि तुमच्या घरापुढं माझ्याच हातानं हो लिहिलं.’

मी त्या वहीकडे बघत राहिले.

‘दोन महिने असंच करतोय. सत्तावीस घरांना विचारतो. तुमचं मीच लिहितो.’ ते खालीच बघत होते. ‘बटण माझ्या हातानं बंद झालं. उद्या मी कमिटीला सांगणार आहे.’

मला आठवलं, सकाळी आठच्या सुमाराला मी ती वायर दाराखालून सरकवत होते. म्हणजे तेव्हाच, बाहेरच्या दाराच्या पलीकडे, दहा-बारा पावलांवर हा माणूस बेलवर बोट ठेवून उभा होता. त्यानं बेल वाजवली असती, तर मी दार उघडलं असतं, शिव्याही घातल्या असत्या, पण त्याला ती वायर दिसली असती. मी म्हटलं, कमिटीला मी सांगेन, तुम्ही नाही. बाकीची बटणं आठ वाजता वर करायची होती, म्हणून ते गुडघ्यावर हात टेकून उठले. जाताना बाबांच्या खोलीतला जळका प्लग उघडून बघितला, नवी तार घालायला सकाळी येतो म्हणाले, आणि एक्स्टेन्शनची पिन गीझरवरून काढून स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये, कधीही बंद न होणाऱ्या लाइनवर लावून, मशीन स्वतः सुरू करून गेले. बाईही गेल्या.

घरात मी आणि बाबा, आणि ती घरघर. मी त्यांना गरम पाणी पाजलं, पांघरूण नीट केलं. मशीन बंद पडल्यावर त्यांनी दोन-तीनदा बटण दाबून बघितलं होतं, लागलं नाही, बिघडलं असं समजून सोडून दिलं होतं. एवढं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. फोन तर हाताशीच होता. मी फोन केला तर उचललाही होता. एवढं झाल्यावरही माझा आवाज जरा चढलाच. मी विचारलं, बाबा, मी विचारलं तेव्हा ‘ठीक आहे’ असं का म्हणालात? बंद पडलंय एवढं सांगता आलं नाही?

त्यांनी नाकाजवळची नळी नीट केली. श्वास घेतला, पुन्हा एक घेतला.

‘सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस,’ ते म्हणाले. ‘तेवढं ऐकून घ्यायला माझ्यात दम नव्हता गं.’

आणि एवढं बोलून, जणू काही त्यांचंच चुकलं होतं असं, ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले.